पहिले दर्शन आणि खरी सुरुवात

‘न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला’ हे वाक्य वर्गात शिकवले, की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, मग न्यूटनच्या आधी फळं झाडावरून खाली पडत नव्हती का?” वर्ग हसतो आणि धडा पुढे सरकतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच पुस्तकात चार पाने उलटली, की ‘बेलने टेलिफोनचा शोध लावला’ असे वाक्य भेटते. व्याकरणाच्या दृष्टीने ही दोन्ही वाक्ये जुळी भावंडे आहेत. पण गुरुत्वाकर्षण माणूस पृथ्वीवर येण्याच्या आधीपासून होते आणि टेलिफोन मात्र माणसाने तयार करेपर्यंत जगात कुठेच नव्हता. इंग्रजीत पहिल्या प्रकाराला ‘डिस्कव्हरी’ आणि दुसऱ्याला ‘इन्व्हेन्शन’ म्हणतात. आपण दोन्हीकडे ‘शोध’ हा एकच शब्द वापरतो आणि मुलांच्या मनात गाठ पडते.

अशीच गाठ इतिहासाच्या तासालाही पडते. पहिली वस्ती, पहिला चित्रपट, पहिला सहकारी कारखाना असे ‘पहिले’ पाठ्यपुस्तकात जागोजागी असतात. त्यांतला प्रत्येक ‘पहिला’ नेमका कशातला पहिला? जन्माला येण्यातला, दिसण्यातला, ओळखला जाण्यातला, की नारळ फुटण्यातला? इंग्रजीत या निरनिराळ्या प्रसंगांसाठी निरनिराळे शब्द आहेत. ते शब्द समजून घेतले, तर आपल्याच परिसराचा इतिहास अधिक नेमकेपणाने कसा सांगता येतो, हे या लेखात पाहू. उदाहरणे शक्यतो संगमनेरच्या जवळपासचीच घेतली आहेत.

शब्दांच्या पोटातली चित्रे

सुरुवात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक भाषा तिच्यासाठी एखादे ओळखीचे चित्र उसने घेते. ‘ओरिजिन’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘उगवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. सूर्य उगवतो त्या दिशेचे ‘ओरिएंट’ हे नावही त्याच मुळाचे. ‘इन्सेप्शन’च्या मुळाशी हातात घेण्याची कल्पना आहे. आपणही काम ‘हाती घेतो’ असेच म्हणतो. ‘इनिशिअल’च्या मुळाशी ‘आत जाणे’ आहे. ‘इनॉगरेशन’ची कथा अधिक गमतीची आहे. प्राचीन रोममध्ये ‘ऑगर’ नावाचे शकुन पाहणारे पुरोहित असत. पक्षी कसे उडतात, हे पाहून ते देवांचा कौल सांगत. कौल अनुकूल असेल तरच कार्य सुरू होई. म्हणजे हा शब्द मुळात कामाचा नाही, कामाच्या आधीच्या मुहूर्ताचा आहे. ‘डेब्यू’ फ्रेंचमधून आला. खेळात लक्ष्याच्या दिशेने केलेली पहिली खेळी, असा त्याचा माग लागतो. ‘प्रीमियर’ म्हणजे नुसते ‘पहिला’. आणि ‘डिस्कव्हर’ म्हणजे झाकण काढणे. झाकण काढायचे, तर खाली काहीतरी आधीपासून असलेच पाहिजे!

मराठीचे भांडारही काही लहान नाही. पाटीवर ‘श्रीगणेशाय नमः’ लिहून शिक्षण सुरू होई, म्हणून कोणत्याही कामाचा ‘श्रीगणेशा’ होतो. ‘ओनामा’ हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या धूळपाटीवरील पहिल्या धड्यातून आला. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब रोवतात, ती मुहूर्तमेढ. नाटकाच्या आधी होते, ती नांदी. दुकानदाराची सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. नदीचा तो उगम, ग्रहाचा तो उदय आणि खेळाडूचे ते पदार्पण. तेव्हा अडचण शब्दांची नाही. लिहिताना आणि शिकवताना आपण हे सगळे शब्द बाजूला ठेवून ‘सुरुवात’ आणि ‘पहिला’ या दोनच शब्दांवर सारा भार टाकतो, ही खरी अडचण आहे.

यांतल्या एका भेदाची जाण तर आपल्या घराघरात आहे. पंचांगात शुक्राचा अस्त आणि उदय दिलेला असतो. उदयाच्या दिवशी शुक्र जन्माला आला, असे कोणीही समजत नाही. सूर्याच्या तेजात लपलेला ग्रह पुन्हा दिसू लागला, एवढाच त्याचा अर्थ. दिसू लागणे वेगळे आणि अस्तित्वात येणे वेगळे, हे पंचांग पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असते. इतिहासाच्या पुस्तकात मात्र आपण ते विसरतो.

जोर्वे : नाव कुठून, उगम कुठे?

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या आधी या भूमीवर कोणते शेतकरी राहत होते, याविषयी त्या वेळी फारच थोडी माहिती होती. जोर्व्याला चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली भांडी मिळाली. त्यांत तोटीची भांडीही होती. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही सापडल्या. पुढे अशीच भांडी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळत गेली आणि त्या सर्व वस्त्यांच्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. ताम्रपाषाण काळातील या संस्कृतीचा काळ साधारणपणे इ.स.पू. १४०० ते इ.स.पू. ७०० असा मानला जातो.

आता विद्यार्थ्याला विचारा : जोर्वे संस्कृतीची सुरुवात कोठे झाली? उत्तर येईल, जोर्व्याला. नाव तसे सुचवतेच. पण पुरातत्त्वात नाव देण्याची रीत वेगळी आहे. एखादी संस्कृती ज्या गावी प्रथम ओळखली जाते, त्या गावाचे नाव तिला मिळते. इंग्रजीत अशा स्थळाला ‘टाइप साइट’ म्हणतात. गावाचे नाव आपल्या ओळखीचा क्रम सांगते. संस्कृतीच्या जन्माचा दाखला ते देत नाही. हडप्पा संस्कृतीचेही असेच आहे. हडप्प्याला १९२१ पासून उत्खनन झाले म्हणून ते नाव रूढ झाले.

जोर्वे संस्कृतीचे आधीचे आणि नंतरचे धागे कळले ते दुसऱ्या ठिकाणी. प्रवरेच्याच काठी, खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तेथे १९५८-५९ मध्ये आणि पुन्हा १९७४ ते १९७९ या काळात उत्खनने झाली. एकावर एक थर मिळाले : सर्वांत खाली सावळदा, मग उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, त्यावर माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. थरांचा हा क्रम सांगतो, की जोर्वे पद्धतीची भांडी येण्याच्या आधी याच खोऱ्यात कित्येक शतके शेतकरी नांदत होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ अशी दीर्घ उत्खनने झाली. जोर्वे काळातील घरे, धान्य, दफने, दुष्काळाशी झुंज यांचे तपशीलवार चित्र तेथे उभे राहिले. या काळाचे पूर्व आणि उत्तर असे दोन टप्पेही तेथे स्पष्ट झाले.

म्हणजे नाव जोर्व्याचे, थरांची साखळी दायमाबादची आणि जीवनाचे तपशील इनामगावचे. यामुळे जोर्व्याचे महत्त्व कमी होत नाही. झाकण तेथे उघडले गेले, हा मान त्या गावाचाच. फक्त तो मान ‘उगमा’चा म्हणून मिरवू नये, इतकेच.

शंभर चिठ्ठ्यांचा प्रयोग

सर्वांत जुनी म्हणून जी वस्तू आपल्या हाती येते, ती खरोखरच सर्वांत जुनी असण्याची शक्यता किती? याचे उत्तर वर्गात पंधरा मिनिटांत काढता येते. १ ते १०० आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात घाला. १ म्हणजे सर्वांत प्राचीन वर्ष आणि १०० म्हणजे सर्वांत अलीकडचे वर्ष. न पाहता दहा चिठ्ठ्या काढा आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा फळ्यावर लिहा. चिठ्ठ्या परत टाकून हेच वीसपंचवीस वेळा करा.

१ हा आकडा दहांतून सरासरी एकदाच हाती लागेल. सर्वांत लहान आकड्याची सरासरी ९ च्या आसपास येईल. गणिताने ती १०१ भागिले ११, म्हणजे सुमारे ९.२ इतकी निघते. आता दहाऐवजी पन्नास चिठ्ठ्या काढा. सरासरी २ पर्यंत खाली येईल. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी : सर्वांत लहान आकडा १ च्या खाली कधीच जात नाही, चूक होते ती नेहमी एकाच बाजूला.

उत्खनन म्हणजे अशाच चिठ्ठ्या काढणे होय. थोडे खणले तर मिळालेला ‘पहिला’ पुरावा खऱ्या पहिल्यापेक्षा बराच उशिराचा असतो. जास्त खणत गेले, की तारीख मागे मागे सरकते. जीवाश्मांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणून एखाद्या जातीच्या ‘उगमा’ची तारीख न सांगता ‘पहिल्या आढळा’ची सांगतात. इंग्रजीत त्यासाठी त्यांनी ‘फर्स्ट ॲपिअरन्स’ अशी स्वतंत्र संज्ञा ठेवली आहे. या संज्ञेत नम्रता आहे आणि ती नम्रता गणिताने शिकवलेली आहे. एखाद्या प्राचीन वस्तूची तारीख पुढच्या आवृत्तीत बदललेली दिसली, की मुलांना वाटते आधीचे पुस्तक खोटे होते. तसे नसते. आणखी चिठ्ठ्या निघालेल्या असतात.

नव्या नावाचा म्हातारा तारा

शब्दाने शास्त्रज्ञांनाच चकवल्याचे एक उदाहरण आकाशात आहे. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात एक तेजस्वी तारा दिसू लागला. पूर्वी त्या जागी नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हते. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने त्याची काळजीपूर्वक मोजमापे घेतली आणि १५७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्या ताऱ्याला त्याने लॅटिनमध्ये ‘नवा तारा’ म्हटले. त्यातला ‘नोव्हा’ म्हणजे ‘नवी’ हा शब्द आजही खगोलशास्त्रात रूढ आहे.

त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे हे नाव अगदी बरोबर होते. आकाशात काही बदलत नाही, या ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या समजुतीला त्याने धक्काही दिला. पण आज आपल्याला कळले आहे, की तो ताऱ्याचा जन्म नव्हता. श्वेत बटू अवस्थेला पोचलेल्या एका जुन्या ताऱ्याचा तो स्फोट होता. अशा प्रचंड स्फोटाला आपण अतिनवतारा म्हणतो. शिवाय तो तारा हजारो प्रकाशवर्षे दूर असल्याने स्फोट १५७२ मध्ये झालेलाच नव्हता, त्याचा प्रकाश तेवढा त्या वर्षी पोचला. नाव ‘नवा’, वस्तू म्हातारी आणि घटना हजारो वर्षांपूर्वीची! पहिले दर्शन आणि सुरुवात यांत किती अंतर असू शकते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण.

चित्रपटाचा जन्म कोणत्या तारखेचा?

माणसाने स्वतः घडवलेल्या गोष्टींचे तरी सोपे असेल, असे वाटते. भारतीय चित्रपटाची गोष्ट घेऊ. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. हे आपल्या देशातले पहिले दर्शन, पण चित्रे परदेशी. १८९९ मध्ये ह. स. भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईतल्या एका कुस्तीचे चित्रण केले. १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ प्रदर्शित झाला. ते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रीकरण होते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसमोर झळकला आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी खुला झाला.

‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ या प्रश्नावरचे वाद यातूनच उठतात. पण इंग्रजी शब्द नीट लावले, तर वादाचा बराच भाग विरून जातो. २१ एप्रिल हा ‘प्रीमियर’, ३ मे हे ‘रिलीज’. चित्रीकरणातले आद्यत्व भाटवडेकरांकडे, चित्रफितीवर कथा दाखवण्याचे तोरण्यांकडे आणि पडद्यासाठी रचलेला पूर्ण लांबीचा कथापट फाळक्यांचा. कोणाचाही मान हिरावून न घेता प्रत्येकाला त्याची जागा देता येते.

विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी या कथेत आणखी एक ठेवा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवलदारांना खात्री पटावी म्हणून, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीवर एक छोटी चित्रफीत केली होती. थोड्या थोड्या अंतराने चित्रे घेऊन त्यांनी दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. त्या चित्रफितीत अंकुर वर येताना दिसतो, पण बीजाची सुरुवात तेथे नसते. कोरडे बी आधी पाणी शोषून फुगते. त्याचा श्वसनाचा वेग वाढतो, विकरे कामाला लागतात, साठवलेले अन्न विरघळू लागते. मग आदिमूळ बीजावरण फोडून बाहेर येते आणि अंकुर मातीवर त्यानंतर डोकावतो. डोळ्यांना दिसलेली पहिली हालचाल ही आतल्या कितीतरी घडामोडींची शेवटची पायरी असते.

‘आशियातला पहिला’

आता पुन्हा प्रवरेच्या खोऱ्यात येऊ. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने, शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभारला. तेथे १९५०-५१ च्या हंगामात पहिले गळीत झाले. या कारखान्याचा उल्लेख ‘आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना’ असा नेहमी केला जातो. आपल्या भागातल्या मुलांना हे वाक्य तोंडपाठ असते.

पण १९३० च्या दशकातच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील तेलुगू भागात आणि उत्तर प्रदेशात काही सहकारी साखर कारखाने निघाले होते. त्यांपैकी आंध्रातील एटिकोप्पाका येथील कारखाना १९३३ चा. मग लोणीचे मोठेपण खोटे का? मुळीच नाही. येथे आपल्याला दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील : आद्य आणि प्रवर्तक. आद्य म्हणजे कालक्रमाने पहिला. प्रवर्तक म्हणजे ज्याच्यापासून पुढची परंपरा चालू झाली तो. लोणीचा कारखाना महाराष्ट्रातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना. त्याच्या उदाहरणाने राज्यभर सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली आणि संगमनेरचा कारखानाही त्याच मालिकेतला. प्रवर्तकाचा हा मान आद्यत्वाच्या मानापेक्षा थोर आहे. तो सांगण्यासाठी खंडाच्या नकाशाची गरज नाही.

प्रारंभाच्या पायऱ्या नीट ओळखण्याची सवय आपल्या भागाला कारखान्यानेच लावली आहे. दर हंगामाच्या आधी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. गव्हाणीत उसाची मोळी टाकून गळिताचा शुभारंभ होतो, तो त्यानंतर. बाहेरून पाहणाऱ्याला एकाच कामाची ही दोन उद्घाटने वाटतील. पण बॉयलर एकदम तापवता येत नाही. विटांचे अस्तर आणि धातू सावकाश प्रसरण पावावे लागतात, मग पुरेशा दाबाची वाफ तयार होते आणि त्यानंतरच यंत्रे फिरतात. समारंभाचा क्रम येथे तंत्राच्या क्रमाला धरून आहे. कामगाराला विचारले, “कारखाना कधी सुरू झाला?” तर तो उलट विचारील, “बॉयलर का गळीत?” इतिहास वाचणाऱ्याने नेमका हाच उलटा प्रश्न करायला हवा.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट भाषेची. ‘न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला’ याऐवजी ‘न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला’ असे म्हणावे. निसर्गात आधीपासून असलेल्या गोष्टीसाठी ‘आढळली’, ‘लक्षात आली’, ‘नियम मांडला’ आणि माणसाने घडवलेल्या वस्तूसाठी ‘तयार केली’, ‘रचली’ अशी क्रियापदे योजावीत. ‘जोर्वे संस्कृती जोर्व्याला सुरू झाली’ असे न म्हणता ‘जोर्व्याला प्रथम ओळखली गेली’ असे म्हणावे. चुणचुणीत विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मग वाक्यातच उत्तर मिळते.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. पुस्तकात ‘पहिला’ हा शब्द आला, की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. कशातला पहिला? कोणत्या क्षेत्रातला : गावातला, राज्यातला की जगातला? आणि पहिला घडलेला, की पहिला सापडलेला? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर ते विधान तपासता येते. तपासता येणारे विधान हीच विज्ञानाची पहिली अट आहे आणि चांगल्या इतिहासाचीही.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाची. मुलांना आपल्या शाळेचा जन्मदिवस शोधायला सांगा. एक गट कोनशिलेवरची तारीख टिपून आणील. दुसरा संस्थेच्या नोंदणीची तारीख काढील. तिसरा जनरल रजिस्टर उघडून क्रमांक १ च्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाची तारीख पाहील. चौथा गट गावातल्या वृद्ध माजी विद्यार्थ्यांकडे जाईल आणि इमारत होण्याआधी वर्ग देवळात भरत, चावडीत भरत की कोणाच्या ओसरीवर, ते विचारून येईल. चार गट बहुधा चार तारखा आणतील. त्या फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे योग्य शब्द लिहायला सांगा : उगम, नोंदणी, पायाभरणी, उद्घाटन. कोणती तारीख खरी, यावर मुले भांडू लागली, तर त्यांना थांबवण्याची घाई करू नका. थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणेल, की चारही खऱ्या आहेत, फक्त चार वेगळ्या गोष्टींच्या आहेत. तेवढे कळले, की तास सार्थकी लागला.